नणंदबाई, पलीकडे चला

मागच्या आठवड्यात सदर बाजारातल्या एका दुकानात चपला घ्यायला गेले होते. दुकानातलं स्टूल बुटकं होतं. बसले तेव्हा काही वाटलं नाही. उठायची वेळ आली तेव्हा डाव्या गुडघ्याने साफ नकार दिला. आजूबाजूला धरायला काही नव्हतं आणि समोर दुकानदार खोका घेऊन उभा. मी गुडघ्यावर एक थाप मारली आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, "नणंदबाई, चला, पलीकडे चला."

गुडघा उठला. दुकानदाराने माझ्या मागे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. "दीदी, आपके साथ और भी कोई हैं?"

"हैं," मी म्हटलं. "उनके नाप की नहीं चाहिए."

मी पन्नाशी ओलांडली आहे. या वयात गुडघा दुखणं ही काही बातमी नव्हे आणि त्यावर कागद खर्च करण्याचं कारण नाही. पण ते वाक्य माझं नव्हतं. ते घाटोळेबाईंचं होतं. वीस-बावीस वर्षं ते माझ्या तोंडी आलं नव्हतं, आणि त्या दिवशी आपल्याच घरचं असल्यासारखं आलं. म्हणून हे लिहिते आहे.

घाटोळेबाई आणि मी नर्मदेकाठच्या आमच्या या गावातल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत एका सेक्शनमध्ये होतो. आमचं काम तोफगोळ्यांत दारू भरायचं. त्या वेळी माझं वय तिशीच्या आत, दोन मुलं झालेली. घाटोळेबाई पन्नाशीच्या अलीकडच्या काठावर. अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. नवरा फॅक्टरीतच होता. तो आजारात गेला आणि त्याच्या जागी बाईंना घेतलं. सासरची माणसं वर्ध्याकडची. ती तेराव्यापर्यंत राहिली, जेवली, आणि पुन्हा कधी दिसली नाहीत. बाईंना त्याबद्दल तक्रार करताना मी कधी ऐकलं नाही. पण पुढे त्यांच्या शरीरात एकेक दुखणं उगवायला लागलं, तेव्हा त्यांनी ती सगळी सासरची माणसं आपल्या अंगात वसवून घेतली.

डावा गुडघा म्हणजे नणंदबाई. "चार दिवसांसाठी आली होती, आता मुक्काम ठोकून बसली." उजवा गुडघा जाऊबाई. "तिचं स्वतःचं काहीच दुखत नाही वो. नणंदेचे लाड पाहून दुखते." पाठ म्हणजे मामाजी, म्हणजे सासरे, कारण ते कोणापुढे वाकत नसत. डोळे सासूबाई. "दूरचं सगळं दिसते तिला. चार घरं पलीकडे कोण आलं, कोण गेलं. नाकाखालचं दिसत नाही." आणि त्या वयात बाईमाणसाला अंगाची अचानक लाही होते, भर थंडीत घाम फुटतो, ते त्यांचे धाकटे दीर. न सांगता यायचे, घरभर तमाशा करायचे आणि पाणी न पिता निघून जायचे.

फॅक्टरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, "क्या तकलीफ़ है?"

बाई म्हणाल्या, "ससुराल."

आमच्या सेक्शनमध्ये शिरायची एक पद्धत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जिथे दारू हाताळतात तिथे बाहेरचा एक खडासुद्धा चालत नाही. घासला, ठिणगी उडाली, की संपलं. म्हणून दारात हेअरपिना, जोडवी, सेफ्टीपिना सगळं काढून ठेवायचं. बटणाऐवजी नाड्या असलेले सुती कपडे घालायचे. मग कपडे बदलायच्या खोलीत एक लाल रंगाची फळी होती. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी, गुडघ्याएवढी उंच, बसता येईल इतकी रुंद. अलीकडे बाहेरची जमीन, पलीकडे आतली. फळीवर बसायचं, बाहेरच्या चपला अलीकडे सोडायच्या, पाय उचलून फळीवरून पलीकडे न्यायचे आणि तिथे मांडून ठेवलेल्या बिनखिळ्यांच्या बुटांत घालायचे. मध्ये पाय जमिनीला लागता कामा नये. सगळे त्या फळीला नर्मदा म्हणायचे. "नर्मदा पार झाली का?" म्हणजे कामाला लागलात का.

तिशीत हे दोन क्षणांचं काम असतं. घाटोळेबाईंना ती रोजची लढाई होती. त्या फळीवर बसत, दोन्ही हातांनी डाव्या मांडीखाली पकड घेत आणि पाय सामानासारखा उचलून पलीकडे ठेवत. "नणंदबाई, चला, पलीकडे चला. लोक थांबले आहेत." त्या वेळी आमचे चार्जमन, म्हणजे सेक्शनवर देखरेख करणारे, तिवारीजी न चुकता भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून उभे राहत. ज्याला नर्मदा ओलांडता येत नाही त्याचं नाव कळवायचं, असा नियम होता, आणि ते कळवायचं काम तिवारीजींचं होतं.

नाव कळवलं की डॉक्टर तपासायचे आणि माणूस हलक्या कामावर जायचा. हलकं काम म्हणजे फाटकाजवळची एक शेड. तिथे निरनिराळ्या सेक्शनमधून मोडून आलेले लोक बसत आणि कापडी पिशव्यांना नाड्या लावत. कोणाची पाठ गेलेली, कोणाचा कान, कोणाचा श्वास. पगारात फरक नव्हता, काम सावलीतलं. तरी फॅक्टरीत त्या शेडला पांजरापोळ म्हणत. तिथे गेलेलं माणूस परत आलेलं मी पाहिलं नाही.

घाटोळेबाईंना जगात एकाच गोष्टीची भीती होती, ती या पांजरापोळाची.

"तिथं बसलं की माणूस म्हातारं होते," त्या म्हणायच्या.

"उलट आहे, बाई," मी म्हणाले. "आधी म्हातारं होतो, मग तिथे बसवतात."

"तुला काय माहीत? देवकीनंदनला पाहा. जाताना केस काळे होते. महिनाभरात पांढरे."

"कलप लावणं सोडलं त्याने."

"तेच तर म्हणून राहिली मी. काहून सोडलं?"



तर पांजरापोळ टाळण्यासाठी बाईंनी नणंदबाईंवर जे उपचार केले, त्यातला एक सांगण्यासारखा आहे. पाकिस्तानशी लढाई जुंपली त्याच्या आधीचा पावसाळा. सिहोऱ्याच्या बाजारात कोणी एक माणूस बसतो अशी बातमी त्यांना लागली. तो गुडघा बघत नाही, हात लावत नाही, फक्त "कौन सा?" एवढं विचारतो आणि डाव्याचं किंवा उजव्याचं मलम देतो. रविवारी बाई बसने सिहोऱ्याला गेल्या आणि डाव्याची बरणी घेऊन आल्या. सोमवारी मलम थापून, वर एरंडाची पानं बांधून, कामावर आल्या आणि त्यावरच फॅक्टरीचे कपडे चढवले.

दहाच्या सुमारास खोली तापली आणि वास सुटला. लसूण, कापूर आणि जळकं टायर एकत्र केलं तर जवळपास पोचता येईल. तिवारीजींनी नाक वर केलं, एकदा हुंगलं आणि घंटा वाजवली.

आमच्याकडे अनोळखी वास म्हणजे विनोद नव्हता. नियमाप्रमाणे न धावता, न ढकलता सगळे बाहेर पडलो आणि आंब्याच्या झाडांखाली उभे राहिलो. तोंडाला मुखवटे बांधलेली माणसं आत गेली, कोपरान् कोपरा हुंगला, बाहेर येऊन म्हणाली, वास गेला. आम्ही आत गेलो. वास आला. पुन्हा घंटा, पुन्हा आंब्याची झाडं. सेफ्टीचे एक नवे साहेब नुकतेच आले होते. तरुण, बारीक, नियमांवर अतोनात प्रेम. त्यांनी डोकं लावलं आणि निष्कर्ष काढला की माणसं आत असली की गळती होते आणि बाहेर गेली की थांबते, म्हणजे दोष काम करण्याच्या पद्धतीत आहे. दुपारपर्यंत काम बंद.

या सगळ्या वेळात सर्वांत जास्त कोण संतापलं होतं, तर घाटोळेबाई. "काय लोक आहेत! कुठून काय गळून राहिलं याचा पत्ता नाही! जिवाशी खेळ आहे बाप्पा." झाडाखाली त्यांच्या जवळ कोणी उभं राहत नव्हतं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. वर्षभर तऱ्हेतऱ्हेची मलमं लावून त्यांच्या नाकाने वासांची दखल घेणंच सोडलं होतं.

संध्याकाळी फळीवर मी त्यांच्या शेजारी बसले तेव्हा मला उलगडा झाला. मी म्हटलं, "बाई, तो वास तुमचा आहे."

त्यांनी वाकून हुंगायचा प्रयत्न केला. मामाजींनी वाकू दिलं नाही. "व्हय का?"  मग म्हणाल्या, "माझ्या खऱ्या नणंदेनं एक लग्न मोडलं होतं फक्त. हिनं फॅक्टरी बंद पाडली."

आवाजात थोडा अभिमान होता. बरणी त्यांनी क्वार्टरच्या मागे पुरली. तिथे पुढे दोन वर्षं गवत उगवलं नाही. फॅक्टरीला कारण कधी सापडलं नाही.

त्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. एकाहत्तरची. घराघरांत खिडक्यांना काळा कागद लागला, फॅक्टरीत पाळ्या लांबल्या, आणि दोन शेडांच्या मध्ये खंदक खणले गेले. भोंगा वाजला की खंदकात उतरायचं, डोकं खाली घालून बसायचं, दुसरा भोंगा वाजला की वर यायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. पहिल्या सरावाला घाटोळेबाई आमच्या आधी उतरल्या, कारण उतरण्याचं काम त्यांना करावं लागलं नाही. काठावर बसल्या आणि माती घेऊन खाली गेल्या.

दुसरा भोंगा झाला. आम्ही वर आलो. बाई तिथेच.

"चलिए ना, दीदी," आमच्यातली शकुन म्हणाली. ती खमरिया गावची, अंगाने शिडशिडीत, हात द्यायला पुढे वाकली.

"तुम्ही व्हा पुढं. मी येते."

"हाथ दीजिए तो."

"तिवारी बघून राहिला. जा तुम्ही."

तिवारीजी घड्याळाकडे बघत होते. पण मोकळ्या मैदानात घड्याळ नव्हतं, त्यामुळे त्यांना आकाशाकडे बघावं लागत होतं.

जेवणाची सुट्टी झाली तरी बाई खंदकातच. मी त्यांचा डबा खाली दिला. पोळी आणि वांग्याची भाजी. त्या मातीत पाय पसरून जेवत होत्या आणि धाकटे दीर आलेले असल्यामुळे डब्याच्या झाकणाने वारा घेत होत्या, तेवढ्यात सेफ्टीचे साहेब फेरीवर आले. खंदकाच्या काठावर थांबले.

"आप यहाँ क्या कर रही हैं?"

"बैठी हूँ, साहब."

"ऑल क्लियर तो कब का हो गया."

बाईंनी घास गिळला. "वो तो हमारी तरफ़ से हुआ, साहब. उनकी तरफ़ से हुआ क्या?"

साहेब विचारात पडले. मी तिथे उभी होते, मी पाहिलं. तो माणूस खरोखर विचारात पडला. मग त्यांनी तिवारीजींना हाक मारली आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "इसको कहते हैं डिसिप्लिन. पूरी शिफ़्ट में एक औरत है, जिसको लड़ाई का मतलब मालूम है."

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी पुढे ठरवलं की शनिवारी प्रात्यक्षिक करायचं. प्रत्येक सेक्शनचे चार-चार लोक येतील आणि ही बाई त्यांना दाखवील, आधी लाल फळी कशी ओलांडायची आणि मग खंदकात कसं उतरायचं आणि चढायचं. प्रथमोपचारावर बोलायला डॉक्टरही येतील.

साहेब गेल्यावर शकुनने आणि मी रिकाम्या खोक्यांच्या पायऱ्या करून बाईंना वर काढलं. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. डॉक्टरांनी आधीच एकदा बजावलं होतं की हा गुडघा आणखी अडला तर मला हलक्या कामासाठी लिहावं लागेल. आता तो सगळ्या फॅक्टरीच्या आणि डॉक्टरांच्या समोर अडणार होता.

"आजारी पडा," मी सुचवलं. मला तेच शहाणपणाचं वाटलं.

"म्हणजे डॉक्टरकडेच जाऊ?"

"मग सांगून टाका साहेबांना."

"काय सांगू? लढाई चालू आहे आणि मी आता नाड्या बांधते म्हणू? सुमन, मी अजून म्हातारी झाली नाही. हे बाकीचे झाले आहेत. नणंदबाई झाली, सासूबाई झाली. मी नाही."

शुक्रवारपर्यंत त्या बोलल्या नाहीत, आणि हे फॅक्टरीत अपशकुनासारखं वाटायला लागलं. शनिवारी सकाळी आल्या त्या मात्र ताज्या दिसत होत्या. मी विचारलं, काय करणार? म्हणाल्या, "रोज सकाळी पलंगावरून उतरते ना मी? तशीच."

कपडे बदलायच्या खोलीत दाटी झाली होती. अलीकडे सेक्शनांचे लोक, पलीकडे साहेब, आणि त्यांच्या शेजारी पेटी घेतलेले डॉक्टर. घाटोळेबाई फळीवर बसल्या. चपला सोडल्या. "देखिए," म्हणाल्या, आणि फळीवर उताण्या झोपल्या. लांबीच्या बाजूने, सरळ, हात छातीवर बांधून.

 शकुनने माझा दंड धरला. "हाय राम, दीदी गईं!"

मग बाईंनी खांदा वळवला, खांद्यामागे कंबर आली, आणि त्या कुशीवर वळल्या. दोन्ही पाय जोडीने फळीवरून पलीकडे उतरले आणि थेट बुटांत गेले. हातावर भार देऊन त्या उठून बसल्या, पदर नव्हता तरी सवयीने सारखा केला, आणि साहेबांना म्हणाल्या, "दोनों पाँव एक साथ. एक पाँव इधर, एक पाँव उधर, ऐसा टाइम ही नहीं आता."

मी साहेबांचा चेहरा कधी विसरणार नाही. नियमावर प्रेम करणाऱ्या माणसाला नियमाहून शुद्ध काहीतरी दिसलं होतं. एक पाय बाहेर आणि एक पाय आत, असा एक क्षण आम्हा सर्वांच्या ओलांडण्यात रोज येत होता, आणि इतकी वर्षं तो कोणाला खुपला नव्हता. साहेबांनी बाईंना पुन्हा करायला लावलं. मग स्वतः झोपून पाहिलं. खंदकाचं सगळे विसरले. डॉक्टरांनी बाईंच्या गुडघ्याकडे पाहिलं, फळीवर कूस बदलणाऱ्या साहेबांकडे पाहिलं, आणि पेटी न उघडता निघून गेले.

सोमवारपासून हुकूम निघाला. दारूच्या सगळ्या सेक्शनांत, स्त्री-पुरुष सर्वांनी, याच पद्धतीने फळी ओलांडायची.

मी आयुष्यात बऱ्याच मूर्खपणाच्या गोष्टी पाहिल्या आहेत. पण देशाची लढाई चालू असताना फॅक्टरीतले धडधाकट लोक रोज सकाळी रांगेने लाल फळीवर आडवे होऊन कूस बदलत आहेत, त्याच्या जवळ जाणारी एकही नाही. पूर्वी फळीवर एका वेळी आठजण बसत. आता दोन झोपले की फळी भरली. रांग बाहेर चिंचेच्या झाडापर्यंत जाऊ लागली. तालमीत जाणारे दंडवाले गडी चुकीच्या कुशीवर वळून परत बाहेरच पडत. दोन पाळ्या करून आलेला एक माणूस आडवा झाला आणि तिथेच घोरायला लागला. त्याला उठवावं की नियमाप्रमाणे वळवावं, यावर वाद झाला. शेवटी त्याला झोपेतच वळवला.

साहेबांच्या हुकमावरून घाटोळेबाई सेक्शन-सेक्शन फिरून शिकवत. फळीच्या डोक्याशी उभ्या राहत आणि ओरडत, "कमर पहले नहीं, भैया! कंधा पहले! घर में बीवी पलंग से ऐसे उतरेगी तो खटिया तोड़ेगी!"

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली. लोक बाईंना गाठून हळूच बोलायला लागले. चाळिशी-पन्नाशीचे, मिशा राखलेले, आवाज चढवून बोलणारे. "दीदी, मेरी भी कमर..." "दीदी, यही घुटना, दो साल से..." रोज नर्मदेच्या काठावर दात आवळून पाय उचलणारे किती होते, ते तेव्हा कळलं. तिवारीजी रोज सगळ्यांच्या आधी हजर असत, ते शिस्त म्हणून असं आम्ही समजत होतो. शिस्त नव्हती. त्यांना फळी ओलांडताना कोणी पाहायला नको होतं. नव्या पद्धतीने ते पहिल्यांदा सगळ्यांच्या समोर आडवे झाले, वळले, उठून बसले, आणि त्यांचे डोळे भरून आले. निदान शकुनचं तसं म्हणणं होतं. मला तरी ते नीट वळले नव्हते म्हणून डोक्याला फळीची कड लागली असं दिसलं.

लढाई संपली. काही महिन्यांनी सेफ्टीच्या साहेबांची बदली झाली आणि दुसरे आले. पहिल्या सकाळी त्यांनी दार उघडलं, फळीवर पडलेली माणसं पाहिली आणि विचारलं, "ये क्या अस्पताल है?" संध्याकाळपर्यंत हुकूम मागे घेतला होता.

दुसऱ्या दिवशी नवे साहेब स्वतः पलीकडे उभे होते. आम्ही एकेक करून जुन्या पद्धतीने गेलो. घाटोळेबाईंची पाळी आली. त्या बसल्या. चपला सोडल्या. तिवारीजी घड्याळाकडे वळले. बाईंनी मांडीखाली हात घातला आणि उचललं. हललं नाही. पुन्हा उचललं. "नणंदबाई," त्या म्हणाल्या, अगदी हळू. मागे रांग थांबून होती. एवढ्या महिन्यांच्या सुखात नणंदबाई उचलून घ्यायची सवय विसरल्या होत्या.

बाईंनी हात काढून घेतला. थोडा वेळ फळीवरचा लाल रंग नखाने खरवडला. मग मोठ्याने म्हणाल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, "तिवारीजी, मैंने परिक्रमा उठा ली है. अब नर्मदा नहीं लाँघूँगी."

नर्मदेची परिक्रमा करणारे नदीला फेरी घालतात, पण ती ओलांडत नाहीत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. अख्खी खोली हसली. तिवारीजी हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे बघत मान हलवली. बाईंनी चपला पुन्हा पायात घातल्या, डबा घेतला आणि कोणी कळवायच्या आधी स्वतःच चालत पांजरापोळात गेल्या.

मी आठवड्याने भेटायला गेले. म्हटलं, बघू म्हातारी झाली का. शेडमध्ये नुसता गोंधळ चालला होता. सगळ्यांना सासर मिळालं होतं. कोणाचे कान मामाजी, कोणाची पाठ आत्याबाई. देवकीनंदनला अंतर्गळ होता, त्याचं नाव जावई. "जपावं लागते वो," बाई म्हणाल्या. "जरा कमी-जास्त झालं की बाहेर यायला बघते." देवकीनंदनने केसांना कलप लावला होता.

"कसं वाटतं इथे?" मी विचारलं.

"हे सगळे म्हातारे आहेत," त्या पिशवीला नाडी ओवत म्हणाल्या. नाडी भोकात जात नव्हती. सासूबाईंना जवळचं दिसत नव्हतं. "मी यांच्यावर लक्ष ठेवून राहिली फक्त."

नोकरी संपेपर्यंत त्या तिथेच होत्या. नंतर मी दुसऱ्या सेक्शनला गेले, मुलं मोठी झाली, आमचं भेटणं राहिलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते ग्वारीघाटावर, खऱ्या नर्मदेवर. नागपूरचे पाहुणे आले होते, त्यांना नदी दाखवायला नेलं होतं. पाहुणे फुलांच्या द्रोणांवरून घासाघीस करत होते आणि मी पायऱ्यांवर उभी होते. खालून आवाज आला, त्याला वय लागलं नव्हतं. घाटोळेबाई नावाड्याला सांगत होत्या की नाव अजून काठाला लाव. हातात काठी, केस पांढरे, अंग तेवढंच रुंद.

मी खाली गेले. त्यांनी मला दुरून ओळखलं, जवळ आल्यावर पुन्हा विचारलं, "कोण, सुमनच ना?"

"कुठे निघालात?"

"पलीकडे."

"आणि परिक्रमा? नर्मदा ओलांडत नाहीत ना?"

"झाली माझी परिक्रमा. पांजरापोळातल्या पांजरापोळात फिरून पुरी केली. आता नणंदबाईला म्हटलं, चल, तुला तो काठ दाखवून आणते. मग राहा नाही तर जा."

नावाडी म्हणाला, "माताजी, हाथ दीजिए."

"हाथ नहीं, जगह दो."

नावेच्या कडेला बसायची एक रुंद फळी होती. बाईंनी काठी माझ्या हातात दिली, फळीवर टेकल्या, आणि उताण्या झाल्या. हात छातीवर बांधले. नावाडी घाबरून कोणाला तरी हाक मारणार होता, तेवढ्यात खांदा वळला, मागून कंबर वळली, नाव एका अंगाने झुकली, आणि दोन्ही पाय एकदम आत उतरले. त्या उठून बसल्या आणि काठीसाठी हात पुढे केला.

त्यांच्या मागे खेड्याकडचं एक कुटुंब उभं होतं. म्हातारा बाप, आई, दोन मुलगे, नवी सून. पहिल्यांदाच घाटावर आले असावेत. आई बापाच्या कानात काहीतरी बोलली. बापाने मान डोलावली, जोडे काढून बगलेत धरले, हात जोडून नदीला नमस्कार केला आणि फळीवर उताणा झोपला. वळला. आत गेला. मग आई झोपली. मग मुलगे. नावाड्याने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. गिऱ्हाइकाच्या श्रद्धेत तो पडणार नव्हता. शेवटी सुनेने पदर खोचला आणि ती डोळे मिटून आडवी झाली.

घाटोळेबाई नावेत बसून देखरेख करत होत्या. "कंधा पहले, बेटी. कमर बाद में. हाँ. दोनों पाँव एक साथ."

नाव सुटली. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मामाजींनी वळू दिलं नसतं. गुडघ्यावर थाप मारताना मात्र दिसल्या.

माझे गुडघे तेव्हा चांगले होते. मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून पोट दुखेपर्यंत हसले, आणि पाहुण्यांनी हाक मारली तशी कशालाही न धरता उठले.